हाय-गेन अँपसाठी ब्रिज पिकअप कोणता घ्यावा? (६५०५, ड्रॉप सी)

गोदाकाठचा_शोर

नमस्कार मंडळी. आमचा नाशिकचा मेटल बँड आहे, सगळी गाणी ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये (तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या, सगळ्यात जाड तार सी वर). माझी गिटार सुपरस्ट्रॅट धाटणीची, २५.५ इंच स्केलची, दोन पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारे) हंबकर, म्हणजे तारांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारे दोन कॉइलचे पिकअप, असलेली. अँप पीव्ही ६५०५ एमएच, म्हणजे जबर डिस्टॉर्शनचा हाय-गेन, खाली बारा इंची एका स्पीकरचं कॅबिनेट. घरी कमी आवाजात वाजवलं की सूर भरदार वाटतो. सरावाला ड्रम आणि बेस सुरू झाले की पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून वाजवलेल्या स्वरांचा) नुसता चिखल होतो. दोन स्वरांचा पॉवर कॉर्ड कसाबसा कळतो, त्यात तिसरा स्वर घातला की काय वाजतंय ते मलाच उमगत नाही. शिवाय रिफच्या मध्ये थांबलो की गिटार शिट्टी मारते.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले, पिकअप कमजोर आहे, याहून गरम (जास्त आउटपुटचा) बसवा. मीटर लावून पाहिलं तर ब्रिजचा (तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूचा) पिकअप १५.८ किलोओहम दाखवतो. ऐपत सध्या एकाच पिकअपची आहे. डोक्यात ईएमजी ८१, सीमोर डंकनचे जेबी किंवा डिस्टॉर्शन आणि डिमार्झिओचा एक्स२एन आहेत. सोल्डरिंग मीच करणार, तेव्हा वायरिंगबद्दलही कोणी सांगितलंत तर फार मदत होईल.

गुंडाळी

चांगला धागा काढलात. पुण्यात मी पिकअप दुरुस्त करतो आणि थोडेफार स्वतः गुंडाळतोही. हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत कोणी ना कोणी येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून पिकअप कमजोर वाटत नाही. तुमच्याकडे सिग्नल कमी नाही, नको त्या जागी जास्त आहे. ६५०५ च्या लीड चॅनेलमध्ये ट्यूबच्या गेन स्टेज एकामागोमाग एक लावलेल्या आहेत, पहिली पुढचीला चेपते, ती तिच्या पुढचीला. त्या साखळीच्या तोंडाशी तुम्ही आणखी सिग्नल ढकललात तर आवाज मोठा होत नाही, फक्त आणखी दाबला जातो. भरल्या घागरीत पाणी ओतून घागर मोठी होत नाही.

गरम पिकअप जन्माला का आले ते पाहिलं की हा गोंधळ सुटतो. १९७२ साली डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला तेव्हाच्या मार्शल अँपला मास्टर व्हॉल्यूम (डिस्टॉर्शन तसंच ठेवून आवाज कमी करायची कळ) नव्हता. अँप फाटेपर्यंत चढवायचा तर कान फाटायचे. अशा अँपच्या पहिल्या ट्यूबला पिकअपनेच जोरात धक्का दिला तर कमी आवाजात डिस्टॉर्शन मिळायचं. मास्टर व्हॉल्यूमचा मार्शल २२०३ आला १९७५ मध्ये. सोल्डानोचा एसएलओ-१०० १९८७ चा, पीव्ही ५१५० १९९२ चा, आणि तो ज्यांच्यासोबत बनवला ते गिटारवादक एडी व्हॅन हेलन पीव्हीपासून वेगळे झाल्यावर त्याच ५१५० ला ६५०५ हे नाव मिळालं. म्हणजे ज्या कामासाठी गरम पिकअप बनला ते काम तुमचा अँप आता स्वतःच करतो. उरतं ते पिकअपचं मूळ काम: कोणती फ्रीक्वेन्सी किती जाऊ द्यायची.

हाय-गेन अँपला पिकअप निवडताना मी तीन गोष्टी पाहतो: खालचा बेस आवरलेला आहे का, वरचे मिड्स (मधल्या फ्रीक्वेन्सी) बोलतात का, आणि पिकचा पहिला ठोका शाबूत राहतो का. आउटपुट त्यानंतर.

पण खरेदीच्या आधी तीन गोष्टी सांगा. प्री गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारी कळ) कितीवर आहे, तारा कोणत्या गेजच्या (जाडीच्या, इंचाच्या हजाराव्या भागांत) आहेत, आणि शेवटचा फ्रेट दाबल्यावर तार आणि पिकअपमध्ये किती अंतर उरतं?

तारसप्तक

गुंडाळी यांना अनुमोदन. तारांचा प्रश्न मीही विचारणार होतो. ड्रॉप सी मध्ये सहावी तार ६५ हर्ट्झवर येते. साध्या ई ट्यूनिंगला ती ८२ वर असते. तिथे ४६ ची तार लावलीत तर ती इतकी ढिली पडते की पिक लागल्यावर आधी स्वर वर चढतो आणि मग जागेवर येतो. तो डगमगणारा स्वर कुठलाच पिकअप सरळ करू शकत नाही. किमान ५२, शक्यतो ५४ किंवा ५६.

गोदाकाठचा_शोर

गुंडाळी दादा, इतक्या तपशिलात उत्तर दिल्याबद्दल मनापासून आभार. लीड चॅनेलचा प्री गेन ८ वर आहे. तारा १०-४६. अंतर मोजलं, जाड तारेखाली जेमतेम १ मिमी भरतंय. जवळ आणला तर जास्त ताकद मिळेल असं वाचलं होतं म्हणून वर उचलून ठेवला होता.

रिफवाली

मी मूळची सांगलीची, सध्या बेंगळुरूत, दोन बँडमध्ये रिदम वाजवते. पैसे खर्च करायच्या आधी एक प्रयोग करून बघा, यातून कुठला पिकअप हवा ते कानालाच कळतं.

कोणाकडून तरी सात पट्ट्यांचं ईक्यू पेडल उसनं आणा. बॉसच्या जीई-७ वर १००, २००, ४००, ८००, १.६ किलो, ३.२ किलो आणि ६.४ किलो अशा पट्ट्या असतात. ते गिटार आणि अँपच्या मध्ये लावा, इफेक्ट्स लूपमध्ये (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायच्या जागी) नाही. १०० ची पट्टी बरीच खाली आणा, २०० ची थोडी. १.६ किलोची किंचित वर. मग लेव्हलचा स्लायडर ५-६ डेसिबल कमी करा. आता पाम म्यूट वाजवा.

चिखल गेला तर कमी बेसचा, मध्यम आउटपुटचा पिकअप तुम्हाला मानवणार हे नक्की झालं. आवाज निर्जीव वाटला तर लेव्हल हळूहळू परत वर न्या आणि कुठे जीव येतो ते बघा. अशा तऱ्हेने न घेतलेला पिकअप आधी ऐकता येतो.

यामागचं कारण सांगते, कारण ते कळलं की सगळं सेटअप सुधारतं. बेस डिस्टॉर्शनच्या आधी जास्त असेल तर ट्यूब त्या मोठ्या लाटेनेच भरून जातात आणि वरचे स्वर तिच्या तालावर चेपले जातात. तोच बेस डिस्टॉर्शनच्या नंतर वाढवला तर छातीवर बसतो. ६५०५ वर त्यासाठीच रेझोनन्स (बेस वाढवणारी कळ) दिलेला आहे, तो पॉवर सेक्शनमध्ये, डिस्टॉर्शनच्या बऱ्याच पुढे काम करतो. आधी छाटायचं, मागून भरायचं. मेटलवाले ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून हाय-गेन अँपसमोर लावतात ते याचसाठी. त्या सर्किटमध्ये ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवला जातो. गेनसाठी ते कोणी लावत नाही, बेस कापण्यासाठी लावतात.

मृत्युधातू

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. गरम पिकअप निरुपयोगी आहे हे मला पटत नाही. डेथ बँडचे चक शुल्डिनर एक्स२एन लावून मार्शल व्हॉल्व्हस्टेट वाजवायचे. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलकडे बिल लॉरेन्सचा एल-५००एक्सएल आणि रँडलचे सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरचे) अँप होते. त्या रेकॉर्डिंगमध्ये चिखल कुठे आहे? प्रत्येक स्वर सुरीसारखा येतो. आणि गरम पिकअपला हाताखाली एक वेगळी जाण असते. हलका पिक लागला तरी स्वर उभा राहतो, हार्मोनिक सहज फुटतात, डावा हात लेगॅटोत (पिक न मारता नुसत्या डाव्या हाताने स्वर काढताना) दमत नाही. हे आकड्यांत सापडणार नाही, पण वाजवणाऱ्याला ते हवंच असतं.

गुंडाळी

मृत्युधातू, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तुम्ही दिलेली उदाहरणं अगदी चपखल आहेत. फक्त त्यातले अँप पाहा. व्हॉल्व्हस्टेट आणि ते रँडल यांचा स्वभाव ६५०५ पेक्षा फार वेगळा. तिथे पुढून जोरदार ढकलणारा पिकअप शोभतो. साध्या जेसीएम८०० लाही शोभतो, त्याच्यात गेन स्टेज कमी. आणि एल-५००एक्सएल गरम असूनही वरच्या टोकाला धारदार आहे, म्हणूनच तो कापतो. हातातल्या जाणिवेबद्दल बोलायचं तर सोलो वाजवणाऱ्याला दाबलेला सिग्नल खरंच हवाहवासा वाटतो. पण या धाग्यातला प्रश्न रिदमचा आहे, आणि रिदममध्ये तीच दाबलेली जाण पाम म्यूटमधली उघडझाप खाऊन टाकते.

आता किलोओहमबद्दल, कारण खरेदीतली सगळ्यात मोठी दिशाभूल तिथे होते. डीसी रेझिस्टन्स म्हणजे आउटपुट नाही. तो फक्त कॉइलमधल्या तांब्याचा अडथळा. तार जितकी बारीक तितका तो जास्त. ४२ नंबरच्या तारेच्या जागी तितक्याच लांबीची ४४ नंबरची घेतली तर रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त भरतो आणि वेढे मात्र तेवढेच असू शकतात. डंकनचा '५९ ब्रिजला साधारण ८ किलोओहम, जेबी १६ च्या वर. म्हणून जेबी दुप्पट जोराचा आहे का? मुळीच नाही, त्यात तार बारीक आहे. आणि ईएमजी ८१ ला मीटर लावून तर काहीच कळत नाही, कारण कॉइल आणि जॅकच्या मध्ये प्रीअँप बसलेला असतो.

जास्त उपयोगी आकडा इंडक्टन्सचा, हेन्रीमध्ये. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्सचं शिखर तयार होतं. त्या शिखरापर्यंत आवाज जातो, पुढे पटकन उतरतो. गिब्सनच्या जुन्या पीएएफ हंबकरच्या धाटणीचा पिकअप धरा साडेचार हेन्रीचा, आणि केबल वगैरे मिळून ६०० पिकोफॅरड. शिखर येतं ३ किलोहर्ट्झच्या आसपास. त्याच केबलला ८ हेन्रीचा गरम पिकअप जोडलात तर शिखर २.३ किलोहर्ट्झवर घसरतं. पिकचा टक्क आणि कॉर्डमधली स्पष्टता ज्या पट्ट्यात असते नेमका तो पट्टा दबला, आणि मिड्सचा फुगवटा खाली सरकला. त्यावर गेन ८ वर नेला की तुम्ही ज्याला चिखल म्हणताय तो झाला.

याच हिशोबाने केबलही बघा. साधारण केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धरावेत. सहा मीटरऐवजी तीन मीटरची घेतली तर पिकअप न बदलता शिखर वर सरकतं.

मॅग्नेटबद्दल एक छान उदाहरण डंकनच्या यादीतच आहे. कस्टम, कस्टम ५ आणि कस्टम कस्टम. तिघांची कॉइल एकच, १४ किलोओहमच्या घरातली. पहिल्यात सिरॅमिक मॅग्नेट, दुसऱ्यात अल्निको ५ या मिश्रधातूचा, तिसऱ्यात अल्निको २ चा. सिरॅमिकचा कस्टम घट्ट आणि धारदार. अल्निको ५ ला मिड्स किंचित मागे जातात, बेस मोठा होतो. अल्निको २ ला सगळं मऊ आणि मिड्सने भरलेलं. एका कॉइलचे तीन स्वभाव. ६५०५ आणि ड्रॉप सी साठी यातला पहिला मी डोळे मिटून सुचवीन.

म्हापशेकर

गोव्याहून लिहितोय. ॲक्टिव्हबद्दल (बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपबद्दल) कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण माझ्याकडे ८१ बरीच वर्षं आहे.

ईएमजी ८१ ची गंमत अशी की लोक त्याला राक्षसी आउटपुटचा समजतात, पण तो इतका चालला त्याचं कारण वेगळं. कॉइलला वेढे कमी, इंडक्टन्स कमी, आणि हवा तो आकार आतल्या प्रीअँपने दिलेला. बेस आधीच छाटलेला येतो, म्हणून हाय-गेन अँपवर पाम म्यूट खिळा ठोकल्यासारखा बसतो. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचा ब्रिजला ८१ आणि नेकला (गिटारच्या मानेजवळ) ६०, झॅक वाइल्डचा ८१ आणि ८५, या जोड्या तिथूनच रूढ झाल्या. आउटपुट इंपिडन्स कमी असल्याने केबल कितीही लांब घ्या, वरचा आवाज मरत नाही. खरखर फार कमी.

उणीव एकच जाणवते. गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करायची सवय असेल तर ८१ हवा तसा उघडत नाही. ९ ऐवजी १८ व्होल्ट दिले तर थोडा मोकळा होतो. फिशमनच्या फ्लुएन्स मॉडर्नमध्ये एकाहून जास्त व्हॉइस (निवडता येणारे सूर) आहेत, तिथे हा त्रास कमी आहे.

दोन व्यवहारी गोष्टी. त्याला २५ किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या कळा) लागतात, तुमच्या नेकच्या पॅसिव्ह पिकअपला ५०० चे. एकाच पिकअपची ऐपत असेल तर ही मिसळ त्रासाची. आणि बॅटरीची जागा बघून ठेवा. स्टीरिओ जॅक हाच तिचा स्विच असतो, केबल लावून ठेवली की ती रात्रभर उतरत राहते. आमच्या दमट हवेत बॅटरीच्या क्लिपवर हिरवा थर चढतो, पावसाळ्यात ती बाहेर काढून पुसून ठेवावी लागते. कोकणातल्या मंडळींनाही हे लागू.

ठाण्यातला_पाचवा_मजला

वाचतोय, फार माहितीपूर्ण धागा. माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये इंटरफेस आणि प्लगिनवर वाजवणाऱ्यांना यातलं किती लागू होतं?

रिफवाली

जवळजवळ सगळंच. प्लगिनमधलं ५१५० चं मॉडेलही पुढून आलेल्या बेसवर तसंच चिडतं. फक्त गिटार इंटरफेसच्या हाय-झी किंवा इन्स्ट (गिटारसाठीच्या) इनपुटलाच लावा. लाइन इनपुटला पॅसिव्ह पिकअप लावला की वरची धार तिथेच मरते आणि माणूस विनाकारण पिकअपला दोष देतो. इनपुट गेन असा ठेवा की सगळ्यात जोरदार स्ट्रमलाही लाल दिवा लागणार नाही. शिवाय तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. डीआय ट्रॅक (गिटारचा कोरा सिग्नल) एकदा रेकॉर्ड करून त्यावर ईक्यू आणि आयआर (कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नक्कल) बदलून बघता येतात. आयआर बदलल्यावर जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही पिकअपने पडत नाही. खऱ्या कॅबिनेटला स्पीकरचं तेच. ज्यांचा स्पीकर अजून मूळचाच आहे त्यांनी पिकअपच्या आधी त्याचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

गोदाकाठचा_शोर

मंडळी, सांगितलंत तसं केलं. तारा ११-५४ लावल्या, ट्रस रॉड आणि इंटोनेशन जमवून घेतलं. गुंडाळी दादांच्या प्रश्नांचा रोख ओळखून पिकअप खाली उतरवला. प्री गेन ८ वरून साडेचारवर आणला, रेझोनन्स वाढवला. मित्राचं जीई-७ आणून रिफवाली ताईंनी सांगितलेल्या पट्ट्या ठेवल्या. कालच्या सरावात ड्रमर वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, आज तुझी रिफ माझ्या किकला (पायाने वाजवायच्या ड्रमला) चिकटतेय. पेडल काढलं की मात्र बराचसा चिखल परत येतो. म्हणजे पिकअप बदलायचाच, आणि कुठल्या दिशेला बदलायचा तेही आता कळलं.

शिट्टी कमी झाली, पूर्ण गेली नाही. आणि सरावाच्या खोलीत एक सततची चरचर आहे, तारांना हात लावला की ती कमी होते. हे पिकअपमुळे असेल का?

वायरमन_काका

बाळांनो, इथे मी बोलायला हवं. आयुष्यभर इलेक्ट्रिकलचं काम केलं, मुलगा गिटार वाजवतो म्हणून इथे येत असतो.

आधी चरचर कुठून येते ते वेगळं करा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरी आवाज आहे तसाच राहिला तर तो अँपचा, पेडलचा किंवा त्यांच्या अडॅप्टरचा. शून्यावर नेताच आवाज गेला तर तो गिटारमधून येतोय. मग व्हॉल्यूम वाढवून गिटार हातात घेऊन जागच्या जागी गोल फिरा. दिशेप्रमाणे आवाज बदलला तर कॉइल जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र उचलतेय. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर गिटारच्या पोटातलं शील्डिंग अपुरं आहे. तांब्याची चिकटपट्टी आत लावून ती ग्राउंडला जोडली की बरंच भागतं. एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर आणि पंख्याचे रेग्युलेटर फार घाण सोडतात, ते एकेक बंद करून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सरावाच्या खोलीत अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आपल्याकडे जुन्या इमारतीत आणि गाळ्यांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. अँपची मोठी पिन कधीही काढू नका, दोन पिनी अडॅप्टर लावून गुणगुण घालवायची युक्ती तर मुळीच करू नका. पॅसिव्ह गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसेल तर तो करंट तारांवर येतो, समोर गायकाचा माइक वेगळ्या लाइनवर असेल तर ओठ लागताच झटका बसतो. झिणझिण्या आल्या तरी वाजवणं थांबवा. खोलीला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. पिकअपच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही, आणि पिकअपच्या आधी तोच करा.

गोदाकाठचा_शोर

काका, फार मोलाचं सांगितलंत. उद्याच खोलीच्या मालकांशी बोलतो.

गुंडाळी

काकांचा प्रतिसाद सगळ्यांनी साठवून ठेवावा.

शिट्टीबद्दल: कॉइलचे वेढे सैल असतील तर पिकअप मायक्रोफोनसारखा वागतो, जोरात वाजणाऱ्या कॅबिनेटसमोर किंचाळतो. पिकअपजवळ तोंड नेऊन बोललात आणि अँपमधून बोलणं ऐकू आलं तर समजायचं की मेण नीट भरलेलं नाही. एडी व्हॅन हेलन यांनी गिब्सनच्या ईएस-३३५ मधला जुना पिकअप याच कारणासाठी वितळलेल्या मेणात बुडवला होता. घरी करू नका, तापमान थोडं चढलं की बॉबिन वाकतो. नवा पिकअप मेण भरलेलाच येतो.

तारसप्तक

आणि नेकचं काय? सोलो तिथूनच वाजवत असाल ना? तो बदलायचा झालाच तर ब्रिजपेक्षा कमी आउटपुटचा घ्या. तार तिथे जास्त हलते, त्यामुळे तोच पिकअप तिथे जास्त जाड वाजतो. डंकनचा जॅझ साडेसात-आठ किलोओहमचा आहे आणि जेबीसोबत मेटलवाल्यांमध्ये कायम दिसतो, तो उगाच नाही.

मृत्युधातू

लाकडाबद्दल कोणी विचारलं नाही हे पाहून आनंद झाला. तो वाद इथे नको.

गोदाकाठचा, मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, पण तुमच्या सेटअपला कस्टम योग्य ठरेल हे जीई-७ च्या प्रयोगावरून मलाही पटलं. एक सुचवतो. पुढे लीडसाठी ताकद कमी वाटली तर पिकअप परत बदलू नका. सोलोच्या वेळी ट्यूब स्क्रीमर पायाखाली दाबा. गरम पिकअपची जी जाण मी म्हणत होतो तिच्या बरीच जवळची गोष्ट तिथे मिळते, आणि रिदमला ती बंद करता येते.

गोदाकाठचा_शोर

ठरलं. सिरॅमिकचा कस्टम, ब्रिजला. मुंबईत एकाकडे वापरलेला मिळतोय. दोन शंका. माझ्या गिटारला लॉकिंग ट्रेमोलो आहे, तर पोलच्या अंतराचं काय बघायचं? आणि नेकला सध्या एका मित्राने दिलेला डिमार्झिओ आहे, दोन कंपन्यांचे पिकअप एका स्विचवर नीट चालतील का?

गुंडाळी

वापरलेला घेताना मीटर सोबत न्या. १४ किलोओहमच्या आसपास दिसायला हवा. उघडं सर्किट दाखवलं तर कॉइल तुटलेली. दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजा, जवळपास सारख्या भरल्या पाहिजेत. नामांकित कंपन्यांचे नकली पिकअप बाजारात फिरतात, तेव्हा बेसप्लेटवरचं नाव पाहून भुलू नका.

लॉकिंग ट्रेमोलोवर तारा जरा जास्त फाकलेल्या असतात. डंकन त्यासाठी ट्रेमबकर म्हणून ५३ मिमीच्या जवळचं मॉडेल बनवतं, साधं मॉडेल ४९ मिमीचं. पहिल्या आणि सहाव्या पोलच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. साधंच मिळालं तरी चालेल, मॅग्नेटचं क्षेत्र पोलच्या टोकापुरतं नसतं, ऐकू येईल असा फरक क्वचितच पडतो. ट्रेमबकर मिळाला तर उत्तम.

दोन कंपन्या एकत्र चालतात, पण वायरचे रंग वेगळे आहेत आणि तिथेच गडबड होते. डंकनमध्ये काळी वायर हॉट, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी आणि पांढरी एकत्र. एकाचा तक्ता बघून दुसरा जोडलात तर एकाच कॉइलचा आवाज येईल किंवा दोन्ही कॉइल उलट जुळून आवाज पातळ होईल.

पॉट ५०० किलोओहमचे, व्हॉल्यूमला लॉग (कानाला आवाज सारख्या पायऱ्यांनी चढतो असा) प्रकारचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा इथे पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, पण घेण्याआधी मीटरवर मोजून बघा, ४०० च्या खाली असेल तर दुसरा मागा. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, पॉट तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आतला ट्रॅक जळतो. जास्त वॉटची घ्या आणि पटकन काम उरका. आधी पाठीचा भाग सँडपेपरने खरवडून घ्या.

फेज जुळतो का (दोन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेने हलतात का) ते सोल्डर पक्कं करण्याआधी बघता येतं. काट्याचा मीटर असेल तर सगळ्यात छान. त्याची लाल वायर पिकअपच्या हॉटला, काळी ग्राउंडला लावा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर पोलवर टेकवा आणि झटक्यात उचला, काटा एका बाजूला हलेल. दोन्ही पिकअपवर काटा एकाच बाजूला हलला तर फेज बरोबर. उलट हलला तर मधल्या स्विचवर आवाज पातळ आणि नाकातला येईल. तेव्हा नेकच्या डिमार्झिओची लाल आणि हिरवी अदलाबदल करा. उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहू द्या, तिला हात लावायचा नाही.